संगणकाला पत्ता कोण देतो?



आपल्या संगणक खोलीत नवोदय परीक्षेचे अर्ज भरण्याचे काम चालू होते. पाचवीतल्या एका मुलीचा अर्ज अर्धा भरून झाला आणि इंटरनेट गेले. थोड्या वेळाने आले, परत गेले. अर्जाची शेवटची तारीख जवळ आली होती. तिची आई काळजीने म्हणाली, "गुरुजी, आता काय करूचा?"

गुरुजींनी तपासले. इंटरनेट चालूच होते. भांडण होते दोन संगणकांचे! दोघांचाही पत्ता एकच निघाला : १९२.१६८.१.१२. असे कसे झाले? त्यासाठी आधी पत्त्याची गोष्ट समजून घेऊ.

वेंगुर्ल्याला येणाऱ्या पत्रावर ४१६५१६ हा पिनकोड असतो. संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही पद्धत तयार केली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिल्या अंकावरून देशाचा विभाग कळतो, शेवटच्या तीन अंकांवरून टपाल कचेरी. संगणकांनाही एकमेकांकडे माहिती पाठवायला असाच आकडी पत्ता लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. त्यात चार संख्या असतात आणि प्रत्येक संख्या ० ते २५५ यांमधली असते.

मात्र दोन फरक आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी असतात, फक्त त्या त्या घरात किंवा शाळेत चालतात. पहिल्या रांगेतला तिसरा बाक प्रत्येक शाळेत असतो, तसेच हे. दुसरा फरक असा की पिनकोड गावाला कायमचा मिळतो, पण आपल्या संगणकाला पत्ता मिळतो तो ग्रंथपेटीतल्या पुस्तकासारखा, मुदतीने!

हा पत्ता देतो कोण? आपल्या खोलीत भिंतीवर दिवे लुकलुकणारी जी पेटी आहे, तो राउटर. त्यात पत्ते वाटणारे सॉफ्टवेअर असते, त्याला सर्व्हर म्हणतात. संगणकात पत्ता मागणारे सॉफ्टवेअर असते, तो क्लायंट. दोघांचे बोलणे असे चालते :

१) क्लायंट : "इथे पत्ता देणारे कोणी आहे काय?" सर्व्हर कुठे आहे हे त्याला ठाऊक नसते, म्हणून तो सगळ्यांनाच हाक मारतो. हाकेबरोबर कारखान्यात मिळालेला स्वतःचा नंबरही सांगतो.
२) सर्व्हर : "१५ नंबर मोकळा आहे. घेतोस?"
३) क्लायंट : "होय, १५ नंबर द्या."
४) सर्व्हर : "दिला. अमुक तास तो तुझा." आणि तो आपल्या वहीत नोंद करतो.

हे सगळे क्षणभरात होते. अर्धी मुदत सरली की क्लायंट स्वतःच मुदत वाढवून मागतो. संगणक बंद राहून मुदत संपली, तर तो पत्ता दुसऱ्याला देता येतो. त्यामुळे थोडे पत्ते पुष्कळांना पुरतात.

या पद्धतीचे नाव डीएचसीपी. त्याआधी १९८५ साली बूटपी नावाची पद्धत आली होती. तिच्यात प्रत्येक संगणकाची नोंद माणसाला आधी करून ठेवावी लागे. मग अमेरिकेतील प्राध्यापक राल्फ ड्रोम्स यांनी डीएचसीपीचे नियम लिहिले. ते १९९३ साली प्रसिद्ध झाले आणि १९९७ साली सुधारले गेले. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी.

आता आपल्या भांडणाकडे येऊ. जुन्या संगणकात कोणीतरी पूर्वी १२ नंबर हाताने घालून ठेवला होता. तो संगणक बरेच दिवस बंद होता. राउटरच्या वहीत त्याची नोंदच नव्हती, म्हणून राउटरने १२ नंबर दुसऱ्या संगणकाला देऊन टाकला. त्या दिवशी दोन्ही चालू झाले. हजेरीला एकाच नंबरावर दोन मुले "हजर" म्हणाली, तर गुरुजींचा गोंधळ होणारच ना! बाहेरून आलेले उत्तर कधी ह्याच्याकडे जाई, कधी त्याच्याकडे.

गुरुजींनी जुन्या संगणकात 'पत्ता आपोआप घ्यावा' अशी सेटिंग केली. त्याला लगेच १५ नंबर मिळाला. अर्ज पुरा झाला, पोचही छापली, आणि आई हसतच घरी गेली.

लक्षात ठेवा :
• प्रिंटरला कायमचा एकच पत्ता हवा असेल, तर तो राउटरच्याच वहीत राखून ठेवावा.
• पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर सर्व्हरचे उत्तर आलेले नाही आणि संगणकाने तात्पुरता पत्ता स्वतःच घेतला आहे असे समजावे. आधी राउटर आणि वायर तपासावी.

सांगा पाहू : क्लायंट पहिली हाक सगळ्यांनाच का मारतो? पुस्तकाला मुदत नसती, तर आपल्या ग्रंथपेटीचे काय झाले असते?

— इयत्ता ७ वी