‘लाकूड आहे आप्पा, हलणारच!’

सातपुड्याच्या पायथ्याशी हयात घालवलेल्या माणसाला सागवानातलं कळत नाही, असं सुरतेच्या एका ठेकेदाराने माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पीत मला ऐकवलं. तळोद्याला आमच्या जुन्या घराच्या माडीची तक्तपोशी सागवानी आहे, तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या धान्याची पोती आपटली गेली. पण ते जाऊ द्या. नंदुरबारच्या नव्या घरात वरच्या खोलीला भरीव फळ्यांचं फ्लोरिंग करायचं, ही माझी हौस. लॅमिनेटचा पापुद्रा नको होता.

माल आला ऐन श्रावणात. ‘ओलावा मोजायचं मीटर आणा,’ असं मी तेव्हाच म्हणालो. साक्षीला घरचे सगळे आहेत. ‘भट्टीत वाळवलेला माल आहे, कागद नंतर देतो.’ तो कागद अजून यायचाय. ट्रकमधून उतरवलेल्या फळ्या लगोलग ठोकल्या. दिसायला झकास.

थंडी सरली, कोरडी हवा सुटली आणि फळ्यांच्या मध्ये पांढऱ्या रेघा उमटल्या. सौ.ने धूळ समजून पुसल्या, निघेनात. गुडघे टेकून टॉर्च मारला तेव्हा उलगडा झाला. फळी आक्रसून शेजारच्या खाचेत दडलेली तिची जीभ उघडी पडली होती, आणि त्या भागाला पॉलिश कधी लागलेलंच नव्हतं. पुढे उन्हाळ्यात त्याच फटीत रुपयाचं नाणं उभं राहू लागलं. एक फळी उचकटली. खालची बाजू अर्धीअधिक पांढरीफटक, सालीलगतचं कच्चं लाकूड. वरून सागवानी रंग चोपडलेला. ओळखीच्या सुतारदादांनी नखाने कोरून पाहिलं आणि म्हणाले, ‘आप्पा, हाई लाकूड वल्लं व्हतं.’

ठेकेदाराचं म्हणणं रोज नवं. आधी ‘लाकूड आहे आप्पा, हलणारच.’ मग कूलरचा दोष. मग आमच्या पोछ्याचा. शेवटी दोन पोरं पाठवली. त्यांनी फेव्हिकॉलमध्ये भुसा कालवून भर मे महिन्यात फटी बुजवल्या. पावसाळ्यात लाकूड फुगतं तेव्हा त्याला जागा लागते. बारा फुटांच्या खोलीत चार इंची ३६ फळ्या. प्रत्येकीने दीड मिलिमीटर मागितला तरी पाच सेंटिमीटर झाले. भिंतीलगत त्याने बोटभरही जागा सोडली नव्हती. जुलैत खोलीच्या मधोमध फळ्या उंटाच्या पाठीसारख्या उठल्या.

तेव्हा ऐका. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतच काम काढा, श्रावणात कोणी फुकट करून देतो म्हणाला तरी नको. फळ्या त्याच खोलीत, थरांमध्ये पट्ट्या घालून, पंधरा-वीस दिवस हवेशीर ठेवा. मीटर स्वतः विकत घ्या. आपल्या कोरड्या मुलखात दहा-बारा टक्क्यांच्या वर काटा गेला तर ट्रक परत पाठवा. लाकडाचा ओलावा हवामानाप्रमाणे किती चालतो, यासाठी भारतीय मानक ब्युरोचं २८७ क्रमांकाचं मानक आहे. ते ठेकेदाराला वाचून दाखवा, चेहरा बघण्यासारखा होतो. भिंतीलगत चारही बाजूंनी बारा मिलिमीटर मोकळे हवेत, स्कर्टिंगखाली ते झाकले जातात. खालचा कोबा नवा असेल तर त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव धरलं तर थांबा.

फळी उलटी करून बघा, हे तर आधी. कांडला बंदरातून येणारा घाना, बेनिनचा लागवडीचा साग सगळाच टाकाऊ नसतो, पण कोवळ्या खोडात पांढरा भाग जास्त, आणि वाळवी आधी तिथेच लागते. इथल्या जंगलातला म्हणून कोणी विकत असेल तर वनविभागाचा वाहतूक पास मागा. चार ठिकाणी भाव काढा, पैसे टप्प्याटप्प्याने द्या, हे सगळेच सांगतात.

बिलावर लाकडाची जात, जाडी, ओलावा लिहून घ्या. माझ्या बिलावर नुसतं ‘लाकडी काम’ आहे. ठेकेदार गुजरातचा असला तरी २०१९च्या कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, मुदत दोन वर्षांची. माझी फाईल तयार आहे. त्यात त्याची जाहिरातही लावली आहे. तिच्यात फोटो माझ्याच खोलीचा आहे, काम झाल्या आठवड्यातला.