जुन्या गोल्फला फोर-व्हील ड्राइव्ह : खर्चाचा हिशेब

दुसऱ्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ (१९८३ ते १९९२) जर्मनीत गॅरेजकडून फोर-व्हील ड्राइव्ह करून घ्यायची असेल, तर १८ ते २३ हजार युरोंची तयारी ठेवा. यातला मोठा वाटा पार्ट्सचा नाही, पत्राकामाचा आणि मजुरीचा आहे. वोल्फ्सबुर्ग किंवा श्टुटगार्टकडे नोकरीला असलेल्या कुणा मराठी गाडीवेड्याच्या दारात अशी गोल्फ उभी असेल, तर पाना हातात घेण्याआधी हा हिशेब बघून घ्यावा.

पैसा कुठे मुरतो?

साध्या गोल्फची मागची चाके एका आडव्या बीमवर बसलेली असतात आणि नुसती मागून फरपटत येतात. त्यांना ताकद द्यायची तर वेगळा गिअरबॉक्स, गाडीखालून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, मागचा डिफरन्शियल आणि तो धरणारी सबफ्रेम हवी. पण त्याच जागेत पेट्रोलची टाकी आणि स्टेपनीचा खड्डा आहे. म्हणून मागचा फ्लोअर कापून दुसरा वेल्ड करावा लागतो. टाकी, सायलेन्सर आणि ब्रेकच्या नळ्या ओघाने बदलतात.

दोन वाटा

पहिली वाट सिंक्रोची. फोक्सवॅगनने १९८६ मध्ये याच पिढीची फोर-व्हील ड्राइव्ह गोल्फ सिंक्रो स्वतःच आणली होती, त्यामुळे तिचा फ्लोअर आणि मागचा सांगाडा या बॉडीला जुळतो. पुढची चाके घसरली की व्हिस्कस कपलिंगमधल्या सिलिकॉन तेलातून ताकद मागे जाते. यात इलेक्ट्रॉनिक्स नाही.

दुसरी वाट हाल्डेक्सची. १९९८ पासून चौथ्या पिढीच्या गोल्फ फोरमोशनमध्ये आणि ऑडी टीटीमध्ये आलेली ही यंत्रणा जास्त ताकदीच्या इंजिनासाठी सोयीची. मात्र तिला कंट्रोलर आणि वायरिंग लागते. शिवाय जुन्या गोल्फच्या चाकाला चार बोल्ट, चौथ्या पिढीच्या चाकाला पाच. म्हणजे हब, ब्रेक आणि रिम यांचा खर्च वाढला.

सिंक्रोच्या वाटेचा अंदाज

मजुरी तासाला १२० युरो धरली आहे. तुमच्या गॅरेजचा दर घालून आकडे बदलून घ्या.

• जुना गिअरबॉक्स, शाफ्ट, मागचा सांगाडा, टाकी : २,००० ते ४,००० युरो
• बुश, बेअरिंग, सील, नळ्या : १,००० ते १,५००
• फ्लोअर कापणे, वेल्डिंग, गंजरोधक लेप (६० तास) : ७,२००
• फिटिंग, सायलेन्सर, शाफ्ट बॅलन्सिंग (४० तास) : ४,८००
• तांत्रिक तपासणी आणि कागदपत्रे : ५०० ते १,५००

बेरीज १५,५०० ते १९,००० युरो. त्यावर २० टक्के अडीअडचणीसाठी ठेवा, कारण जुना फ्लोअर उघडला की गंज निघतोच. पत्राकाम स्वतःला येत असेल तर १२,००० युरोंच्या मजुरीतला बराच भाग वाचेल. नसेल येत, तर हे काम शिकायला आपली गाडी वापरू नका.

जुने पार्ट्स घेताना

सुटे भाग चार ठिकाणांहून गोळा करण्यापेक्षा अख्खी डोनर गाडी, म्हणजे जिचे भाग काढून वापरायचे अशी जुनी सिंक्रो, घ्या. गिअरबॉक्सकडचा बेव्हल गिअर आणि मागचा डिफरन्शियल यांचे रेशो जुळले नाहीत, तर कपलिंग सतत ताणाखाली राहते आणि लवकर जाते. शक्य असेल तर ती गाडी मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवा. अडखळत, टायर घासत चालली तर कपलिंग जाम झाली आहे. चारही टायर सारखे झिजलेले आहेत का, हेही बघा.

एक बारीक नळी हमखास विसरली जाते. ब्रेक लावताना मागची चाके मोकळी सुटावीत म्हणून सिंक्रोत फ्रीव्हील असते, आणि रिव्हर्समध्ये ते व्हॅक्यूमने लॉक होते. ही नळी जोडली नाही तर गाडी पुढे चारही चाकांवर चालेल, पण चिखलातून मागे घेताना पुढचीच दोन चाके गरगरतील.

कागदपत्रे

जर्मनीत असा बदल ट्युफ किंवा डेक्रासारख्या संस्थेच्या तज्ज्ञाकडून तपासून गाडीच्या कागदांत नोंदवावा लागतो. नोंद नसेल तर गाडी रस्त्यावर वापरण्याची परवानगीच जाते आणि अपघातात विमाही अडचणीत येतो. गाडीला ३० वर्षांवरील वाहनांची ‘एच’ पाटी असेल, तर वर्षाला सुमारे १९१ युरोंच्या ठोक कराची सवलत असते. ती टिकवायची तर बदल गाडीच्या काळाला धरून हवा. सिंक्रोसाठी हे पटवणे सोपे. हाल्डेक्ससाठी तज्ज्ञाला आधीच विचारा.

भारतातल्या गाडीवर मात्र हा प्रयोग नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेला सोडून बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले आहे.

मग करावे का?

फक्त बर्फात आणि घाटात पकड हवी असेल, तर करू नका. कारखान्यातून निघालेली धड सिंक्रो शोधा. उंच गाडी आवडत असेल तर ऑस्ट्रियात ग्रात्स येथे तयार झालेली गोल्फ कंट्रीही आहे. जोरदार इंजिन आधीच बसवले असेल, बॉडी निरोगी असेल आणि गाडी विकायची नसेल, तरच हा खर्च अंगावर घ्या. तेव्हाही पहिले पैसे पार्ट्सवर घालू नका. आराखडा आणि फोटो घेऊन तपासणी तज्ज्ञाला भेटा, कोणती वेल्डिंग आणि कोणते ब्रेक मान्य होतील ते लेखी घ्या, आणि मगच डोनर गाडीचा सौदा करा.