फाइल आमची खराब नव्हती

आमच्या लिनक्स सर्व्हरवरून व्यवहारांच्या फाइल्स समोरची कंपनी आपल्या विंडोज मशिनवर एफटीपीने उचलायची. सीएसव्ही होत्या तोवर तक्रार नव्हती. त्या मोठ्या व्हायला लागल्या म्हणून झिप करून ठेवल्या आणि मेल सुरू झाल्या: ‘तुमची झिप करप्ट आहे.’ प्रत्येक मेलच्या सीसीमध्ये आमचे साहेब. आमच्याकडे तीच फाइल नीट उघडते म्हटलं, तर उत्तर ठरलेलं: ‘आमची स्क्रिप्ट वर्षानुवर्षं चालतेय. चाचणीची झिपही उघडली होती.’

शेवटी त्यांना पोचलेल्या फाइलचा आकार विचारला. एवढा एक आकडा मिळवायलाही विनवण्या कराव्या लागल्या. तो आला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. फाइल मोठी झाली होती, साधारण दर २५६ बाइट्समागे एकाने! वाटेत बाइट गळाले असते तर समजलं असतं. इथे कोणीतरी ते घालत होतं. लिनक्सवर ओळ १० या बाइटने संपते, विंडोजवर १३ आणि १० या जोडीने. एफटीपीचा आस्की मोड अशा वेळी प्रत्येक १० च्या आधी १३ घालतो. मजकुराला ते हवंच असतं, पण झिपमधला १० हा नुसता डेटा असतो. आमचा ट्रान्सफर लॉग उघडला, तर त्यांच्या प्रत्येक नोंदीत आस्कीचा ‘ए’. मोड क्लायंट ठरवतो, म्हणजे तेच ठरवत होते.

हे सगळं आकड्यांसकट कळवलं. उत्तर नाही. काही दिवसांनी लॉगमध्ये ‘ए’च्या जागी बायनरीचा ‘बी’ आला आणि सर्वांना मेल गेली: ‘इश्यू रिझॉल्व्ह्ड.’ कारणाबद्दल अवाक्षर नाही, दिलगिरी तर दूरच.

म्हणून सांगतो. झिप, पीडीएफ, फोटो, डेटाबेस यांच्यासाठी स्क्रिप्टमध्ये ‘बायनरी’ ही ओळ स्वतः लिहा. १९८५ च्या आरएफसी ९५९ नुसार एफटीपीचा मूळ मोड आस्कीच आहे. चिमुकल्या फाइलवर चाचणी करू नका. तिच्यात १० हा बाइट नसेल तर ती सुखरूप पोचते आणि फसवते. यूटीएफ-१६ मधला मराठी मजकूरही बायनरीतच न्या, कारण त्यात ‘ऊ’ या अक्षराचा एक बाइट नेमका १० असतो. मेनफ्रेमकडून येणाऱ्या मजकुराचं उलट: तिथे ‘ए’ हे इंग्रजी अक्षर ६५ नसून १९३ असतं, त्यामुळे रूपांतर लागतंच. मात्र त्याच रेकॉर्डमधल्या पॅक्ड रकमा रूपांतरात बिघडतात. त्या आधी साध्या अंकांत उतरवून मागा. एसएफटीपी सहसा बाइटला हात लावत नाही, मग ओळींचे शेवट तुम्हीच बदलून घ्या.

बॅकअप ठेवा, घाई करू नका, हे आहेच. पण प्रत्येक फाइलबरोबर तिचा आकार आणि शा-२५६ चेकसम पाठवा, आणि पोच देताना समोरच्याने ते जुळवून लेखी कळवावं, हे काम सुरू होण्याआधीच ठरवून घ्या. नंतर कोणी कळवत नाही.