लोखंडी नांगर आणि किर्लोस्कर बंधु

नाशिकची प्रसिद्धि तांब्यापितळेच्या भांड्यांची. शेतकऱ्याचें काम मात्र लोखंडावर चालतें. लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे वडील बंधु रामुअण्णा यांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें. पुढें तेथेंच कडबा कापण्याचें यंत्र व त्यामागून लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडानें जमीन विषारी होते ही समजूत इतकी दृढ होती, कीं पहिला नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं.

ती भीति निराधार होती. परंतु शेतकऱ्याची सावधगिरी अगदींच हंसण्याजोगी नव्हती. लांकडी नांगर मोडला तर गांवचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करी. ओतीव लोखंड तडकल्यास गांवच्या लोहाराचाही इलाज चालत नसे. अशा अवजाराचे सुटे भाग ज्याला जवळ मिळतील, त्यानेंच तें घेणें शहाणपणाचें. गुण मात्र निर्विवाद: लांकडी नांगर माती फाडतो, लोखंडी ती उलटवितो, आणि काळ्या रानांतील हरळी-कुंद्याच्या मुळ्या उन्हांत उघड्या पडतात.

बेळगांवची जागा सोडावी लागल्यावर औंधच्या राजेसाहेबांनीं कुंडल स्टेशनाजवळ जमीन व कर्ज दिलें. तेथें १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली. पुण्यास १९४६ सालीं याच कुटुंबानें तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला.