हळद आणि सांध्यांची सूज

‘डॉक्टर, सांध्यांच्या सुजेवर हळदीच्या गोळ्या घेऊ का?’ असे अनेक रुग्ण मला विचारतात.

हळदीचा पिवळा रंग कुरकुमिन या द्रव्याचा. हळदीत ते साधारण ३ टक्के असते. सूज आलेल्या जागी पेशींना इजा करणारे ऑक्सिजनचे घातक कण तयार होतात. कुरकुमिन त्यांना निष्प्रभ करते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. मात्र पोटात गेलेले कुरकुमिन रक्तात फारच थोडे उतरते. मिरीतील पायपरीन सोबत दिल्यास हे प्रमाण सुमारे २० पट वाढते, असे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखविले. म्हणूनच पुष्कळ गोळ्यांत मिरीचा अर्क असतो.

स्वयंपाकातील हळद निर्धास्त वापरा. गोळ्या मात्र औषधच समजाव्यात. त्यांनी क्वचित यकृताला इजा होते; डोळे पिवळे दिसल्यास त्या ताबडतोब थांबवाव्यात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी, पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी व गर्भवतींनी त्या विचारल्याखेरीज घेऊ नयेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हळदीच्या भरवशावर आमवाताचे औषध बंद करू नका. उपचाराविना सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात.