तापलेल्या संगणकाची नाडीपरीक्षा

शाळेच्या संगणक-कक्षातला एखादा संगणक मार्च-एप्रिलमध्ये एकाएकी बंद पडू लागतो. सुरू केला की दहा-पंधरा मिनिटे नीट चालतो, मग रेंगाळतो, पंखा घोंघावतो आणि पडदा काळा होतो. 'प्रोसेसर गेला' असा निकाल मग सहज दिला जातो आणि धडधाकट यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडते. वास्तविक प्रोसेसर इतक्या सहजी जात नाही. तापमान सुमारे १०० अंश सेल्सिअसजवळ आले की तो आधी आपला वेग कमी करतो आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्रच बंद करवतो. दोष बहुधा दुसरीकडेच असतो आणि तो शोधायला तुमच्या पाठ्यपुस्तकातले भौतिकशास्त्र पुरते.

प्रथम उष्णता किती, ते पाहू. घरची १००० वॅटची इस्त्री घ्या. तिचा तळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर धरला, तर दर चौरस सेंटिमीटरला ५ वॅट पडतात. आता ६५ वॅटचा प्रोसेसर घ्या. त्यातली सिलिकॉनची चकती दीड चौरस सेंटिमीटर धरली, तर दर चौरस सेंटिमीटरला ४० वॅटांहून अधिक! इस्त्रीच्या आठपट. १९७१ सालच्या 'इंटेल ४००४' या प्रोसेसरमध्ये २३०० ट्रान्झिस्टर होते आणि त्याला पंख्याची गरज नव्हती. आज त्यांची संख्या अब्जांत गेली आहे.

ही उष्णता बाहेर पडण्याचा मार्ग ठरलेला आहे. सिलिकॉनच्या चकतीवर तांब्याचे झाकण असते. झाकणावर एका लेपाचा पातळ थर, त्यावर पातळ पट्ट्यांचा ॲल्युमिनियमचा ठोकळा, म्हणजे हीट सिंक, आणि त्यावर पंखा. पंख्याचा वारा पट्ट्यांतून जातो, तापतो आणि पेटीबाहेर पडतो. ही साखळी कुठे तुटली आहे, एवढाच आपला प्रश्न.

येथे बहुतेक जण तापमान किती झाले ते पाहतात. तुम्ही मात्र ते किती वेगाने चढते ते पाहा. कारण समजण्यासाठी थोडे गणित करू. ॲल्युमिनियमचा विशिष्ट उष्मा दर ग्रॅमला ०.९ ज्यूल. ठोकळा ४०० ग्रॅमचा असेल, तर तो १ अंशाने तापायला ३६० ज्यूल लागतात. ६५ वॅट म्हणजे सेकंदाला ६५ ज्यूल. म्हणजे पंखा पूर्ण बंद असला तरी ठोकळ्याला १ अंश चढायला साडेपाच सेकंद आणि ५० अंश चढायला साडेचार मिनिटांहून अधिक वेळ लागेल. आता ठोकळा झाकणाला टेकलेलाच नाही असे समजा. तांब्याचे झाकण २५ ग्रॅमचे, विशिष्ट उष्मा ०.३९, १ अंशाला फक्त १० ज्यूल. मग तापमान सेकंदाला साडेसहा अंशांनी चढेल आणि दहा सेकंदांत ३० वरून ९५ वर जाईल!

म्हणून असे करा. तापमान दाखवणारा एखादा मोफत प्रोग्रॅम सुरू करा. यंत्र पाच मिनिटे स्वस्थ राहू द्या. मग मोठ्या चित्रफितीचे रूपांतर करण्यासारखे जड काम द्या आणि दर दहा सेकंदांनी तापमान टिपून आलेख काढा. सुरुवातीची १०-१५ अंशांची उडी निरोगी यंत्रातही दिसते. तिला घाबरू नका. (काही नवे, अधिक वॅटचे प्रोसेसर मुद्दामच ९५ अंशांपर्यंत जाऊ दिलेले असतात. उत्पादकाने दिलेली मर्यादा आधी पाहून ठेवा.)

आलेख कड्यासारखा उभा चढला, तर दोष लेपात किंवा ठोकळ्याच्या बसणीत आहे. ठोकळ्याच्या चार कोपऱ्यांतल्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांपैकी एखादी निसटलेली असते, किंवा लेप वाळून भेगाळलेला असतो. भेगेत हवा शिरते, आणि हवा तर उष्णतेची फारच मंदवाहक. चांगला लेप हवेच्या सुमारे दोनशेपट वाहक असतो, पण तांबे त्या लेपाच्याही कितीतरी पट. त्यामुळे लेपाने फक्त बारीक फटी भरायच्या, वाटाण्याएवढा पुरे. कित्येक जण जाड थापतात आणि मग यंत्र अधिकच तापते. टूथपेस्ट लावणारेही आहेत. ती थोड्या दिवसांत वाळते आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आलेख टेकडीसारखा दहा-वीस मिनिटे चढत राहिला, तर दोष हवेत आहे. पेटीचे एका बाजूचे झाकण काढून प्रयोग पुन्हा करा (चालू यंत्रात हात घालू नका). तापमान बरेच उतरले, तर पेटीत वारा खेळत नाही. ती भिंतीला चिकटवून ठेवली आहे का ते पाहा. उतरले नाही, तर प्लग काढा आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली ठोकळ्यावरचा पंखा सोडवा. पंखा आणि पट्ट्या यांच्यामध्ये धुळीची चक्क घोंगडी सापडेल! वरून पाहताना ती दिसत नाही. मऊ ब्रशने ती काढा. ब्लोअर वापरलात, तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा.

खोलीचे तापमानही टिपायला विसरू नका. पंखा खोलीचीच हवा फिरवतो, तिच्याहून थंड काही करू शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर राहणारा प्रोसेसर विदर्भातल्या ४३ अंशांच्या दुपारी त्याच कामाला ८८ च्या आसपास जाणारच. हिवाळ्यात खपून जाणारी थोडी धूळ तेथे उन्हाळ्यात यंत्र बंद पाडते.

आणि आलेख सौम्य असून, ७० अंशांच्या आतही यंत्र बंद पडत असेल, तर प्रोसेसरला सोडा आणि वीज पुरवणारा डबा तपासून घ्या. तो डबा मात्र स्वतः उघडू नका; प्लग काढल्यावरही त्यातल्या संधारित्रांत जोरदार धक्का देण्याइतका विद्युतभार उरलेला असू शकतो.