वादळाची वर्दी आणि फिलिपाइन्सची संग्रहालये

संग्रहालय म्हणजे मोडक्या वस्तूंची कोठी, अशी माझी समजूत होती. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मीच पहिला. संग्रहालय पाहायला मुद्दाम जावे, हे आमच्याकडे कुणाला कधी सुचले नाही. ग्रंथालयात फिलिपाइन्सविषयी वाचताना ही समजूत बदलली.

मनिलाजवळ पासाय येथील विल्यामोर हवाई तळावर तेथील वायुदलाचे संग्रहालय आहे. मस्टँग, सेबर अशी निवृत्त विमाने तेथे ठेवली आहेत. तळाला ज्यांचे नाव दिले, ते हेसूस विल्यामोर डिसेंबर १९४१ मध्ये जपानी विमानांशी लढले. त्यांचे पी-२६ विमान उघड्या बैठकीचे आणि चाके आत न घेता येणारे, म्हणजे तेव्हाच कालबाह्य झालेले होते. १२ डिसेंबर रोजी त्यांचे सहकारी सेझार बासा अशाच विमानातून लढताना मरण पावले. देश अजून अमेरिकेच्या अमलाखाली होता आणि साधने दुसऱ्याने टाकून दिलेली होती. धैर्य मात्र त्यांचे स्वतःचे होते.

विज्ञानाची कथा निराळी आहे. मनिलाच्या रिझाल उद्यानात १९७५ साली राष्ट्रीय तारांगण उघडले. शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी तेथे आकाश पाहिले. २०२१ साली ते बंद झाले. दरम्यान २०१२ साली तागिग येथे ‘माइंड म्युझियम’ सुरू झाले. अणू, जीवन, पृथ्वी, विश्व आणि तंत्रज्ञान अशी त्याची पाच दालने आहेत.

परंतु माझे मन गुंतले ते मनिला वेधशाळेत. १८६५ साली जेझुइट धर्मगुरूंनी ती स्थापन केली. तेथील फादर फेदेरिको फाउरा यांनी ७ जुलै १८७९ रोजी वायुभारमापकाच्या आधारे तुफानाची पहिली पूर्वसूचना दिली. १९४५ च्या मनिलाच्या लढाईत ही वेधशाळा उद्ध्वस्त झाली, अनेक वर्षांच्या नोंदी जळाल्या. तरीही काम पुन्हा उभे राहिले आणि १९६३ पासून ते केसॉन सिटीत चालू आहे.

मी अलिबागच्या कोळीवाड्यातला. आमच्या गावच्या चुंबकीय वेधशाळेवरून मी रोज शाळेत जात असे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडतील, म्हणून ती अलिबागला आली, हे मला फार उशिरा कळले. मनिलातही विजेच्या ट्रामपायीच चुंबकीय उपकरणे अँतिपोलोला न्यावी लागली! दोन दूरच्या किनाऱ्यांवर एकच अडचण आली आणि उपायही एकच निघाला.

वडिलांना वाचता येत नाही, पण बंदरावर धोक्याचा बावटा चढला की ते होडी लोटत नाहीत. फाउरांची गोष्ट त्यांना सांगितली, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे बावट्यामागं कुणीतरी रात्रभर जागा असतो तर.”

मला वाटते, संग्रहालयाने हेच दाखवावे. नुसते विमान किंवा दुर्बीण दाखवून भागत नाही. तिच्यामागे जागणारा माणूसही दिसला पाहिजे. आपल्या गावच्या वेधशाळेच्या कुंपणापाशी असे चार शब्द लिहिलेले असते, तर मला ते शाळेतच कळले असते.